बारा सह्या

२८ ऑगस्ट २००२, बुधवार

बारावी सही आली! मीराबाईची. तीन महिने पोरीसारखी रुसत होती पाटीवर — अक्षर उलटंच पडायचं. आज सरळ आलं. पाटीवर चारदा लिहिलं, मग ओसरीच्या फरशीवर, मग माझं पेन घेऊन स्वतःच्या तळहातावर. "दीदी, ये मैं हूँ?" म्हटलं, हो बाई, तूच. बराच वेळ तळहाताकडे बघत होती. चेहरा जुळतो का ते पाहत असावी.

माझ्या वर्गात बाराजणी आहेत. सगळ्या भनपुरीच्या पोहा मिलमधल्या रेजा, म्हणजे मजूर बायका — पोहे चाळायचे, पोती भरायची. दिवसभर भट्टीच्या धगीत उभ्या असतात आणि संध्याकाळी सहाला गुढ़ियारीत माझ्या ओसरीवर येऊन बसतात. अंगाला भाजक्या धानाचा वास. आता मला त्या वासाशिवाय संध्याकाळ झाल्यासारखी वाटत नाही.

वर्ग चालवणाऱ्या संस्थेचा शिशिर परवा सांगून गेला, "दीदी, पहले सही सिखा दो, पढ़ना बाद में होता रहेगा. आठ तारीख तक आँकड़ा देना है." नवं राज्य, रायपूर नवी राजधानी, सगळ्यांना आकडे पाहिजेत. मीही दिले. बारापैकी बारा.

हे म्हणाले, "सही आली म्हन्जे काय कलेक्टर झाल्या का त्या?" रेल्वेच्या माल ऑफिसात तीस वर्षं काढलेला माणूस, कौतुक म्हणून नाहीच तोंडात!

१ सप्टेंबर, रविवार

परीक्षेचे पेपर आले. वाचून उत्तर लिहायचं. दोघींनी प्रश्नातलीच अक्षरं बघून बघून ओळभर उतरवली. बाकीच्या नाव लिहून माझ्या तोंडाकडे बघत बसल्या. शिशिर म्हणाला, "भर दीजिए ना, सब भरते हैं."

भरले. डाव्या हातानं, वाकडंतिकडं अक्षर काढून. तीन अनुश्रीनं भरले. पोरगी हसत होती — "आई, तुम्हारी राइटिंग तो मीराबाई से भी खराब है!" मीही हसले. पुढच्या वर्षभरात शिकतीलच की! तेव्हा खरं होईल.

८ सप्टेंबर, रविवार

साक्षरता दिन. पांढऱ्या कापडावर बाराजणींनी सह्या केल्या. मिलच्या शेटजींना पाहुणे म्हणून बोलवायची कल्पना माझी. मीच गेले होते बोलवायला, नवी साडी नेसून. आले बिचारे, नारळ-शाल घेतली.

मी भाषण केलं! आवाज चढला एकदाचा. म्हटलं, "शेटजी, आज से हमारी बहनें अंगूठा नहीं लगाएँगी!" केवढ्या टाळ्या! शेटजींनीही वाजवल्या. त्यांचा मुनशी भैय्यालाल तर कापडाजवळ जाऊन एकेक सही वाकून बघत होता. किती कौतुक त्याला, असं मला वाटलं.

१८ सप्टेंबर, बुधवार

मीराबाई आज धावतच आली. मिलमध्ये सगळ्यांना ऑफिसात बोलावलं होतं. खुर्चीवर बसवलं. एकेकीच्या हातात पेन दिलं. "कुर्सी में बइठ के सही करेन दीदी!" बाराजणींनी केल्या. पंधरा वर्षांत कुणी त्यांना त्या खुर्चीवर टेकू दिलं नव्हतं.

मी विचारलं, कशावर सही केली?

"पता नहीं. कागज रिहिस. मुंशी बोला, अब तुम पढ़ी-लिखी हो, तुमको क्या सुनाना."

आधी म्हणे असं नव्हतं. अंगठा घ्यायचा तर मुनशीला अख्खा कागद मोठ्यानं वाचून दाखवावा लागायचा. दोन माणसं साक्षीला उभी राहायची, आणि खाली 'पढ़कर सुनाया, समझाया' असं लिहून त्यांच्या सह्या. जुना दंडक. एकदा ऐकून बायकांनी कागदच परत केला होता, तर भैय्यालाल आठवडाभर गुरगुरत होता.

सगळ्या खुश होत्या. मी बत्तासे वाटले. पण शिकवण्यात लक्ष लागलं नाही. साधं 'कमल' लिहिताना खडू दोनदा मोडला.

२३ सप्टेंबर, सोमवार

मिलच्या फाटकातून बाराजणींना आत घेतलं नाही. ठेकेदारानं आणलेल्या नव्या मजूर बायका आत गेल्या. यांना सांगितलं — तुम्ही काम सोडलंय, लिहून दिलंय.

२४ सप्टेंबर

डबे घासले. सगळे. रिकामे नव्हते तेही रिकामे करून घासले.

२६ सप्टेंबर, गुरुवार

गेले भनपुरीला, त्यांच्याबरोबर. भैय्यालालनं फाटकाच्या जाळीतून नक्कल दाखवली. वाचली. 'मैं स्वेच्छा से काम छोड़ रही हूँ. मिल पर मेरा कोई दावा नहीं रहेगा.' खाली मीराबाईची सही. सरळ, सुंदर, मी शिकवलेली.

मी ओरडले, "इन्हें पढ़ना आता है क्या?"

तो शांतपणे म्हणाला, "आपने ही तो सबके सामने बोला था दीदी."

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. मी आता काय सांगते, त्याची वाट बघत होत्या!

हात दाखवून अवलक्षण! बोलावून आणलं मी, भाषण ठोकलं मी. अंगठ्याला निदान कागद ऐकायचा हक्क होता. मी तो काढून घेतला आणि बदल्यात काय दिलं — नाव.

घरी आल्यावर यांना सगळं सांगितलं. हे मोजे काढता काढता थांबले. "मालधक्क्यावर पहिल्या दिवशी आमच्या साहेबानं काय सांगितलं होतं मालूम आहे? न वाचता सही केली तं नोकरी गेली समज. तू त्याइले सही आधी काहून शिकवली?"

आतल्या खोलीत जाऊन उगाच उशांचे अभ्रे बदलले. तेवढ्यात बाहेरून, "जेवून तं घे." नको म्हटलं.

२८ सप्टेंबर, शनिवार

समता कॉलोनीत निरंजन वकिलाकडे गेले. जुनं घराणं, भोसल्यांच्या काळापासून रायपूरचं. पोरगा स्वच्छ मराठी बोलतो आणि सरळ बोलतो. श्रम कार्यालयात अर्ज करू म्हणाला. "काकू, सही यांची आहे हे नाकारता येणार नाही. आपल्याला एकच सिद्ध करायचंय — यांना वाचता येत नाही, आणि कुणी वाचून दाखवलं नाही."

म्हटलं, सोपं आहे मग.

"सोपं नाही. मिल तुमचे परीक्षेचे पेपर आणेल. बाराच्या बारा पास आहेत."

मी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला तो खाली ठेववेचना.

३ ऑक्टोबर, गुरुवार

तारीख मिळाली — तीस ऑक्टोबर. निरंजननं दोन गोष्टी सांगितल्या. एक : पेपर मी भरले, असं मी लेखी द्यायचं. दोन : तारखेपर्यंत वर्ग बंद. "मिलचा माणूस येऊन फोटो काढेल, बायका वाचताहेत म्हणून. एक अक्षरही शिकवू नका, काकू."

म्हणजे बाई असून शिकवायचं नाही. करायला गेले गणपती, झाला मारुती!

५ ऑक्टोबर, शनिवार

फळा उलटा करून ठेवला. बायकांना समजावून सांगितलं. सगळ्या हो म्हणाल्या — कामापुढे पाटी ती काय. दोघी-तिघी दुसरीकडे विटा वाहायला लागल्यात, त्यांना तर तेवढीच विश्रांती. मीराबाईनं जाताना विचारलं, "कै दिन, दीदी?"

"पच्चीस."

"बहुत होथे."

सहा वाजले की माझे पाय आपोआप ओसरीकडे वळतात. आज तिथे जाऊन उभी राहिले आणि परत आले. तीनदा.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

मीराबाई येते. रोज. पाटी पदराखाली धरून पायरीवर बसते. मी म्हणते, छुट्टी आहे. ती म्हणते, हव, मालूम हे. आणि बसून राहते. मी आत येऊन भांडी वाजवते.

आज बाहेर येऊन रागावलेच. "तुझ्याच नोकरीसाठी चाललंय ना हे? काहून ऐकत नाहीस?" तिनं वर बघितलं. "दीदी, एक बार मैं बिना पढ़े सही करी. अब तुम बोलती हो, बिना पढ़े बैठो."

मला तिचा इतका राग आला! आणि त्याहून जास्त तिचं बरोबर आहे याचा. दार लावून घेतलं. तोंडावर.

१२ ऑक्टोबर

आज आली नाही.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

दसरा. सगळ्याजणी सोनं द्यायला आल्या. मीराबाईही आली, वाकून नमस्कार केला, पान दिलं, पायरीवर न बसता गेली. पुरण शिजलं होतं, त्यात साखर घालायची राहिली. यांनी दोन पोळ्या मुकाट खाल्ल्या, यावरून समजावं घरात माझा चेहरा कसा असेल.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

शिशिर आला होता. चहाला हात लावला नाही. मी लेखी देणार हे त्याला कुठून तरी कळलं. "दीदी, आप अकेली नहीं फँसोगी. तीस सेंटर हैं हमारे. एक जगह के पेपर झूठे निकले तो सब बंद. चार सौ औरतें घर बैठ जाएँगी."

म्हटलं, तीसही ठिकाणी असेच भरलेत का रे?

खाली बघून म्हणाला, "सब जगह नहीं."

वाईट पोरगा नाही. सायकलवरून वणवण हिंडतो, पगार कधी होतो कधी नाही. जाता जाता दारातून म्हणाला, "आपका नाम सम्मान की लिस्ट में है. राज्य के स्थापना दिवस पर." मी ते आधीच ऐकलं होतं. आठवडाभर मनात साडीचा रंग ठरवत होते — हे या वहीशिवाय कुणाला सांगणार? बारा बायका दारोदार काम मागत हिंडताहेत आणि मी साडीचा रंग ठरवतेय. लाज वाटते आणि तरी तो रंग डोळ्यापुढून जात नाही.

एकीकडे बारा, दुसरीकडे चारशे. दिवसभर हाच हिशेब. जिना चढउतर करून गुडघा दुखायला लागला.

२१ ऑक्टोबर, सोमवार

मीराबाईबरोबर भनपुरीला गेले होते. तिची जुनी हजेरीपट्टी एका मजुराकडे आहे, ती निरंजनला हवी होती. रस्त्यावर ट्रकांची ही लांब रांग. आम्ही कडेकडेनं चाललो होतो. ती मागे मागे राहायला लागली. वळून बघते तर एका ट्रकच्या मागे उभी, बोट हवेत. "मा... ल... माल. धी... रे. धीरे च... ल."

मी धावत गेले आणि तिचा हात खाली ओढला. "चुप!"

भर रस्त्यात. तिनं शिवी दिली असती तरी मी इतकी दचकले नसते. ड्रायव्हर बघायला लागले. मी इकडेतिकडे पाहिलं, मिलचं कुणी आहे का.

मग कळलं — बाई रोज इथेच येते. माझ्या पायरीवरून उठवली तेव्हापासून. ट्रक उभे असतात, माल भरेपर्यंत हलत नाहीत, आणि मागे मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं. अडलं तर क्लीनरला विचारते. कुणी हसतं, कुणी सांगतं.

परत निघालो. पाण्याच्या टाकीपाशी ती म्हणाली, "दीदी, तुम खुश नहीं हुई." प्रश्न नव्हता तो.

बारा जणींतली पहिली वाचायला लागली आणि मी तिला 'चुप' म्हटलं. लिहून ठेवते. हे विसरायला नको.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

निरंजनला सांगितलं. तो डोकं धरून बसला. मग म्हणाला, "काकू, अठरा सप्टेंबरला तिला येत नव्हतं, हे खरं ना? मग झालं. श्रम कार्यालयातले साहेब विचारतील तर मान हलवायची. नाही येत. एवढंच."

"आता येतं ना पण."

"थोडंसं. ट्रकपुरतं." हसला. मला हसू आलं नाही.

अनुश्री म्हणाली, "आई, नौकरी चाहिए कि नहीं चाहिए उनको?" पाहिजे. त्यातच सगळं आलं. मीराबाईचा नवरा अंथरुणाला खिळलेला. पोहा मिलमध्ये परत गेली नाही तर दिवाळीनंतर गाव गाठणार म्हणते. गावात काय ठेवलंय?

२८ ऑक्टोबर, सोमवार

लेखी दिलं. 'परीक्षेच्या पेपरांतली उत्तरं मी स्वतः लिहिली.' अनुश्रीचं नाव घातलं नाही. चार वेळा मसुदा फाडला. पाचव्यांदा हे शेजारी येऊन बसले, चष्मा लावला, वाचलं. 'परिस्थितीमुळे' हा शब्द मी तीनदा घातला होता. यांनी तिन्ही खोडले. "कारनं नको देऊ. केलं ते लिही." मग त्यांनीच स्वच्छ नक्कल काढून दिली, माल ऑफिसच्या वळणदार अक्षरात. सही तेवढी मला करायला सांगितली. आणि म्हणाले, "वाच आधी."

वाचलं. शेवटपर्यंत. मग केली.

सन्मानाच्या यादीतून नाव गेलं असणारच. शिशिरचा निरोप नाही, फोन नाही. पोराचं तोंड डोळ्यापुढून हलत नाही.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

संध्याकाळी बाराजणींना बोलावलं. साहेब कागद पुढे करतील, मान हलवायची, 'नहीं आता' म्हणायचं. एकेकीकडून म्हणवून घेतलं. अकराजणी म्हणाल्या. सरलानं तर दोनदा म्हणून दाखवलं, जरा जास्तच झोकात. मीराबाई म्हणाली, "हव."

"हव नाही, 'नहीं आता' म्हण."

"बोल दूँगी दीदी. तुम मत डरो."

मी तिला काय शिकवतेय ते मला दिसत होतं. थांबले नाही. नोकरी परत मिळू दे एकदा. मग पहिल्या दिवसापासून शिकवीन, अगदी पहिल्या अक्षरापासून. हात जोडते.

साडी इस्त्री करून ठेवली. परत घडी मोडली, परत केली.

३० ऑक्टोबर, बुधवार

श्रम कार्यालयात साहेबांनी नेमकी मीराबाईच उठवली. नक्कल पुढे सरकवली. "पढ़ सकती हो?"

नुसती मान हलवायची होती. तिनं मान खाली घातली — आणि बोट ओळीवर ठेवलं. "मैं..." निरंजननं डोळे मिटले. 'स्वेच्छा'पाशी ती अडली. मागे वळून माझ्याकडे पाहिलं. आणि मी, पंचवीस दिवस तोंड शिवून बसलेली, सगळ्यांदेखत बोलून गेले — "स्वे. हाँ. आगे. च्छा." जित्याची खोड!

भैय्यालाल हसला.

"स्वेच्छा," ती म्हणाली. मग साहेबांना विचारलं, "स्वेच्छा का होथे, साहब?"

साहेबांनी वर बघितलं. म्हणाले, "अपनी मर्जी से."

तिनं टेबलावरचं त्यांचंच पेन उचललं. कुणी अडवलं नाही. कागदाच्या तळाशी, आपल्या सहीखाली, लिहायला लागली. किती वेळ लागला! लिहून झाल्यावर कागद साहेबांकडे वळवून, बोट ठेवून वाचून दाखवलं — "मोर मरजी नइ हे." माझी मर्जी नाही.

निकाल पंधरा दिवसांनी. निरंजन म्हणतो, केस पाण्यात गेली. गेली असेल.

तिनं लिहिलं ते वाक्य मी फळ्यावर कधीच लिहून दिलं नव्हतं.